रुंद कमानीखालची जागा

नांदवेलच्या टाऊन हॉलपाशी आलेला पाहुणा आधी वर बघतो. त्याचं चुकत नाही, वर बघण्यासारखं पुष्कळ आहे. विलायती तावदानांच्या उंच खिडक्या, छपराच्या मधोमध घंटेचा छोटा घुमट आणि त्याच्यावर वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा कोंबडा. पण गावातली जुनी माणसं पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ही इमारत खालून बघायची. खाली भिंत कुठेच नाही, नुसत्या दगडी कमानी आहेत, आणि त्या कमानींत दर मंगळवारी भाजीबाजार भरतो. सगळ्या कमानी एका मापाच्या. रस्त्याकडची मधली तेवढी दुप्पट रुंद. तिथे एक खांब असायला हवा होता, तो नाही. आणि बाजारात पाय ठेवायला जागा नसली, तरी त्या कमानीखाली एक माणूस मांडी घालून बसेल एवढी फरशी मोकळी सोडलेली असते.

असे सांगतात, की हॉल नव्हता तेव्हा इथे एक जुनी चिंच होती आणि बाजार तिच्या सावलीत बसायचा. धुरपदा माळीण तिथे मुळा-मेथी विकायची. तिचं घर पुरात वाहून गेलं आणि त्याच साली तिचा एकुलता एक मुलगा केरबा पलटणीबरोबर खेचरं हाकायला दूरच्या लढाईवर निघाला. निघताना त्याला एकच घोर लागला होता.

"घर तर ऱ्हायलं न्हाई आये. माघारी आलो तर तुला हुडकू कुठं?"

"हितंच. चिंचंखाली. मी कुठं जाती?" धुरपदा म्हणाली, आणि त्या शब्दावर केरबा गेला.

पुढे इथे विल्टन नावाचा साहेब आला. त्याच्या विलायतेतल्या गावात असाच एक हॉल होता म्हणे, वर सभेचं दालन आणि खाली मोकळ्या कमानींत बाजार. इथल्या उन्हात घरची आठवण फार झाली की साहेब कागद पसरून त्या हॉलची चित्रं काढायचा. शेवटी सरकारातून मंजुरी आली आणि चिंच तोडली गेली. काम होईपर्यंत बाजाराने ओढ्याकाठी बसायचं ठरलं. सगळे उठले. धुरपदा उठली नाही. झाड गेलं त्या जागी, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन ती बसू लागली.

कामावरचा मुख्य पाथरवट सटवाजी. हात सोन्याचा आणि तोंड फाटकं, अशी त्याची ख्याती. खांबांच्या जागा धरायला त्याने दोरी ताणली, ती नेमकी धुरपदाच्या भाजीच्या पाटीवरून गेली. झालं, तो कडाडला. तीही काही कमी नव्हती. शब्दाने शब्द वाढला, आणि शेवटी तिने केरबाची गोष्ट सांगितली. सटवाजीचा सगळा जन्म या कामावरून त्या कामावर फिरण्यात गेलेला. माघारी गेल्यावर दारात कुणी वाट बघत असणं म्हणजे काय, हे त्याला दार ओस पडल्यावर कळलं होतं. त्याने दोरी गुंडाळली आणि तो साहेबाकडे गेला.

"सायेब, तुमच्या गावच्या हॉलाखाली कोण बसतं?"

लोणी विकणाऱ्या बाया, असं साहेबाने सांगितलं.

"त्यास्नी उठवून बांधला व्हता का?"

साहेबाने नकाशावर धुरपदाच्या जागी येणाऱ्या खांबावर बोट ठेवलं. मग म्हणाला, हा खांब काढला तर एवढी रुंद कमान टिकायची नाही. सटवाजी म्हणाला, "पडली तर माझ्या डोस्क्यावर पडंल."

आणि त्याने कमान घातली. दोन्ही बाजूंचे खांब जाड केले, एकेक दगड स्वतः घडवून बसवला. रुंदीच्या मानाने कमानीचा माथा वर चढला आणि वरच्या दालनाची जमीन तेवढ्या भागात उचलावी लागली. सभेत अध्यक्षांची खुर्ची ज्या उंचवट्यावर असते, तो हाच. व्यासपीठ म्हणून तो कुणी बांधलेला नाही.

मग कमानीखालचा लाकडी साचा काढायचा दिवस आला. साचा निघाला की कमान आपल्या बळावर उभी राहते, नाहीतर खाली येते. पाथरवटांची रीत अशी, की ज्याने कमान घातली त्याने त्या वेळी तिच्याखाली बसायचं. साहेबाने सगळ्यांना लांब पिटाळलं. धुरपदा मात्र पाटीपाशी तशीच होती.

"आक्का, आज तरी ऊठ. माझा जीव गेला तर माझ्या कर्मानं जाईल. तुझा कशापायी?"

"मी उठली आन् तेवढ्यात त्यो आला तर?"

सटवाजीने पागोटं सारखं केलं आणि तो तिच्याशेजारी बसला. साच्याखालच्या पाचरी ठोकून काढल्या गेल्या. साचा खाली सरकला, वर दगड करकरले आणि भुरभुर चुना गळला. सटवाजीने डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा धुरपदा पाटीवर फुंकर घालत होती. "माझ्या मुळ्यांवर चुना पाडलास की रं," ती म्हणाली. एवढं म्हणून ती रडू लागली, आणि तो धिप्पाड माणूसही रडला असे सांगतात.

धुरपदा त्या कमानीखाली कित्येक वर्षं बसली आणि एका उन्हाळ्यात गेली. तिची जागा कुणी घेतली नाही. बाया म्हणाल्या, तिनं शब्द दिलाय, तो अजून पुरा व्हायचाय. सटवाजीचे हात थकले होते. तो नांदवेलातच राहिला आणि बाजारच्या दिवशी खांबाला टेकून बसू लागला.

अशाच एका मंगळवारी लंगडत एक पिकल्या केसांचा माणूस आला. त्याने हॉलभोवती फेऱ्या घातल्या. चिंच कुठेच दिसेना, ओळखीचं काही दिसेना. गर्दीत जिकडेतिकडे पाट्या होत्या, एक जागा तेवढी रिकामी होती. तो तिथे जाऊन उभा राहिला. बायांच्या माना तिकडे वळल्या. सटवाजीने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

"आलास का, केरबा?" तो म्हणाला. "बस."

केरबाने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आई कुठे, हे त्याला विचारावं लागलं नाही. तो बसला. शेजारच्या बाईने आपल्या शिदोरीतली भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली.

आजही नांदवेलचा माणूस मुंबईहून येवो, फौजेतून येवो की आखातातून, घरी जाण्याआधी पिशवी घेऊन या कमानीखाली येतो. जवळची बाई तराजूवरून नजर न काढता विचारते, "आलास का? बस." तो घटकाभर बसतो, मग घरचा रस्ता धरतो. ज्यांच्या घरी हे विचारणारं कुणी उरलेलं नाही, तेही येतात. ते जरा जास्त वेळ बसतात, आणि त्यांना कुणी ऊठ म्हणत नाही.