दादाचा आवाज आणि बारीक केबल

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याने मोठ्या हौसेने घरात होम थिएटर बसवले. हौस स्वतःसाठी नव्हती. त्याच्या आईचे, म्हणजे आक्कांचे, कान दिवसेंदिवस मंद होत चालले होते आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की जे ऐकायचे ते आताच ऐकून घ्या. आक्कांना एकच ऐकायचे होते, आपल्या दिवंगत भावाचे भजन. त्याची जुनी टेप व्यापाऱ्याने संगणकात उतरवून घेतली होती.

संगणक होम थिएटरला जोडून देण्याचे काम निरंजनकडे आले. गावात ध्वनियंत्रणा शिकवणारे एक वृद्ध अण्णा होते, त्यांचा हा पट्टशिष्य. आणि पट्टशिष्य म्हटला की थोडा तोरा आलाच! त्याने संगणकाच्या आवाज बाहेर सोडणाऱ्या भागातून, साउंड कार्डातून, एक जाडजूड तार काढली आणि रिसीव्हरला, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला जोडली. एवढ्यावर भागते तर बरे होते. पण संगणकात आवाज सुधारण्याच्या जेवढ्या सोयी होत्या, तेवढ्या सगळ्या त्याने चालू केल्या. खर्ज वाढवला, घुमारा दिला, खरखर गाळली.

भजन सुरू झाले. आवाज रिकाम्या हौदात बोलावे तसा घुमत होता आणि मागे बारीक गुणगुण चालू होती. आक्का कानामागे हात धरून ऐकत राहिल्या, मग त्यांनी हात खाली घेतला.

“ह्यो माझा दादा न्हवं,” त्या म्हणाल्या. “का माझं कानच गेलं, देव जाणे. ऱ्हाऊ दे बाळा, बंद कर.”

म्हातारीने आशा सोडली होती, आणि तीही निरंजनमुळे. तो तडक जाऊन अण्णांना घेऊन आला.

अण्णांनी आल्या आल्या ती जाड तार उपसून बाजूला टाकली. एक बारीकशी ऑप्टिकल केबल काढली, टोकांवरची इवली टोपणे काढली आणि ती साउंड कार्डातून रिसीव्हरला जोडली. मग संगणकातल्या निरंजनच्या साऱ्या सुधारणा एकेक करून बंद करायला लागले.

“अण्णा, अहो किती खपलोय मी त्यावर!”

“खपलास, म्हणूनच बिघडलंय,” अण्णा हसून म्हणाले. “अरे, त्या तारेसाठी तुझा संगणक स्वतःच आवाज घडवत होता. त्याच्या पोटातली गुणगुण त्यात मिसळत होती, आणि वर तुझी कलाकुसर! या केबलमधून तो नुसते आकडे पाठवतो, उजेडाच्या उघडझापीने. आवाज घडवायचं काम रिसीव्हरचं. मधल्यानं मिळालं ते तसंच पुढं द्यावं. गाणारा गाऊन गेलाय बाबा, त्याला तू काय शिकवणार? आणि मी तुला शिकवलं, ते तरी माझं कुठं होतं? माझ्या गुरूंनी हातचं राखून दिलं नाही, म्हणून तुझ्यापर्यंत आलं. ज्याचं ऋण मानायचं, त्याच्या देण्यावर आपला रंग चढवू नये.”

एवढे बोलून त्यांनी रिमोट आक्कांच्या हाती दिला. “आक्का, आवाज किती हवा ते तुम्ही ठरवा.”

आक्कांनी बटण दाबले. टेपवर भजनाआधी कुणीतरी घसा खाकरला. “हं, धरा ठेका,” असे कुणीतरी म्हणाले. निरंजनच्या गाळणीने हे सगळे खरखर समजून गिळले होते.

“दादा!” आक्का ओरडल्याच. “अस्साच खाकरायचा त्यो! अगं बाई, माझं कान शाबूत हायत की!” त्या हसत होत्या आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी निरंजनला जवळ ओढून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “देव तुला सुखात ठेवू दे. तू आणलास रं माझ्या दादाला.”

“आजी, मी काहीच केलं नाही,” निरंजन म्हणाला. हे अगदी खरे होते, आणि ते बोलताना त्याला मुळीच कमीपणा वाटला नाही. उलट ऊर भरून आला. तो अण्णांच्या पाया पडायला वाकला, तर अण्णांनी त्याला हाताला धरून खाली बसवले.

“नंतर. आधी ऐक.”

तो आक्कांशेजारी बसला आणि एकाही बटणाला हात न लावता त्याने भजन शेवटपर्यंत ऐकले. ज्यांनी आपल्याला दिले, त्यांचे आभार मानायची याहून चांगली रीत निदान मला तरी ठाऊक नाही.