साय आजीचा केळ्याचा दोरखंड

डोंगरावरचे जुने वृक्ष जेव्हा रोपटी होते, तेव्हाची ही गोष्ट. व्हिएतनामच्या उत्तरेला, ताय लोकांच्या एका नदीकाठच्या गावात साय आजी राहायची. चिकट तांदळाचं पीठ पिकल्या केळ्यांत मळायचं, केळीच्या पानात गुंडाळायचं आणि वाफवायचं, यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिचे उंडे इतके चिकट की खाणाऱ्याची बडबडच बंद व्हायची, असं म्हणतात.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला ताय लेकी सणाच्या जेवणासाठी बदक घेऊन माहेरी येतात. आजीची एकुलती एक लेक न्हिन पैलतीरावर दिलेली. मागच्या वर्षी बाळंतपणामुळे ती आली नव्हती. नातीचं तोंड आजीने अजून पाहिलं नव्हतं.

यंदा पौर्णिमेला ती येणार होती आणि नेमका त्याच सकाळी पूर आला, बांबूचा पूल वाहून गेला. तराफा होता, पण त्याला ओढून धरेल असा दोर उरला नव्हता. पैलतीरावर लेकींची रांग लागली.

"आई गं!" न्हिनने हाक मारली. पाठीवरचं बाळ रडत होतं.

आजीचं सगळं लक्ष तिकडे. पानांना तेल लावायचंच ती विसरली. भांड्याचं झाकण काढलं, तर पानं फाटून सगळे उंडे एकमेकांना चिकटलेले!

"आजी, हे उंडे की दोरखंड?" शेजारचा तोआन खो खो हसला.

आजीने एक टोक ओढलं. ते ताणलं, पण तुटेना.

"दोरखंडच! दात काय काढतोस, धर दुसरं टोक!"

तेवढ्यात वास पैलतीरी पोचला. न्हिनच्या टोपलीतलं बदक टुणकन उडी मारून पाण्यात पडलं आणि पोहत आजीपाशी आलं. आजीने टोक त्याच्या चोचीत दिलं. चोच जी चिकटली, ती सुटेचना.

"न्हिन, बोलाव गं त्याला!"

बदक वळलं, तसा दोरखंड लांबत गेला. मधल्या धारेत नदीनेही एक घास घेतला आणि तोंड चिकटून ती गप्प झाली, असं म्हणतात. पैलतीरी दोर बांधला आणि तो धरून तराफा अलीकडे आला. लेकी आल्या, जावई आले, नात आजीच्या मांडीवर आली.

आजही त्या गावात पौर्णिमेला प्रत्येक घरात एका बदकाला सुरी लावत नाहीत. पहिला घास नदीला देतात. आणि एक उंडा मुद्दाम तेल न लावलेल्या पानात उकडतात. मायलेकींनी मिळून ते पान नखांनी खरवडायचं. पान स्वच्छ झाल्याशिवाय लेकीने सासरी निघायचं नाही.

म्हणूनच ते पान कुणीही घाईने खरवडत नाही.