जावईबापूंनी घूंऽऽ घालवलं

एका गावात एक भोळा जावई होता. नाव मुकिंदा. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करी, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. सगळी भानगड तिथंच होती.

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्याला वाण म्हणून होम थिएटर दिलं. एक मोठा डबा, पाच छोटे डबे आणि वायरींचा हा एवढा गुंता! माल बाजारातला सगळ्यात स्वस्त. पण आबा गावभर सांगत सुटले, "लोक जावयाला धोतरजोडी देतात. मी थेटर दिलं, थेटर!"

मुकिंदानं ते सुरू केलं. गवळण लागली. पण गवळणीच्या आधी घूंऽऽ, मध्ये घूंऽऽ, आणि गवळण संपली तरी घूंऽऽ चालूच.

त्याची बायको वैजंता डोक्याला हात लावून बसली. "अहो, रविवारी आबा हे ऐकायला येणार! त्यांच्या वाणात खोट निघाली तर झालंच. थोरल्या ताईकडे एकदा चहात साखर कमी पडली, तर अजून तिच्या दारात पाय ठेवला नाही त्यांनी. मला माहेर तोडायचं नाहीये. घूं गेलंच पाहिजे!"

"घालवतो की," मुकिंदा म्हणाला आणि तडक लतीफभाईंकडे गेला. गावातले रेडिओ, टीव्ही तेच दुरुस्त करत.

लतीफभाई म्हणाले, "विजेची वायर नि स्पीकरच्या वायरी एकत्र गुंडाळल्यास ना? त्यांना एकमेकींपासून लांब ठेव."

"किती लांब?"

"जितक्या लांब तितकं बरं."

मुकिंदा घरी आला. विजेची वायर त्यानं भिंतीतून उपटली, डब्यातून उपटली, आणि गोठ्यात म्हशीच्या खुंटीला टांगून आला. घरात चिडीचूप.

"गेलं घूं!" तो ओरडला.

"आणि गवळण?" वैजंतानं विचारलं.

"तीपण गेली."

रविवारी सकाळी मुकिंदा परत लतीफभाईंच्या दारात. त्यांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे बाबा, वीज कशाला काढलीस! एकेक स्पीकर काढून बघायचा. जो काढल्यावर घूं थांबेल, तोच चोर. लक्षात ठेव, घूं ऐकू आलं की एकेक काढून बघ."

"बघतो की," मुकिंदा म्हणाला.

घरात पाऊल टाकतो तो घूंऽऽ! आवाज स्वयंपाकघरातून येत होता. वैजंता मिक्सरमध्ये ओल्या मिरचीची चटणी वाटत होती. मुकिंदानं आधी तिथलं पातेलं काढलं. घूं थांबलं नाही. परात काढली. तरी नाही. मग त्यानं मिक्सरचं झाकण काढलं.

आबांसाठी कालच भिंतीला चुना दिला होता. ती भिंत हिरवीगार झाली, मुकिंदाची मिशीही हिरवी झाली.

"अहो, काय हे!" वैजंता डोळे चोळत किंचाळली. "चालू गोष्टीला कधी हात लावतात का? आधी बंद करायचं, मग हात लावायचा!"

"असं होय? आधी सांगायचं नाही का," मुकिंदा म्हणाला.

एवढ्यात दारात आबा आले. "काय जावईबापू, काय म्हणतंय आमचं थेटर? एसटीत जागा मिळाली नाही बघा, उभ्यानं आलो, आणि तो कंडक्टर..." आबांचं तोंड चालूच होतं.

मुकिंदा पाया पडायला वाकला. पण हात काही पुढे करीना. वैजंतानं डोळे वटारले. मुकिंदा वाकूनच राहिला आणि अदबीनं म्हणाला, "आबा, आधी बंद व्हा. मग हात लावतो."

आबांच्या मिशा थरथरल्या. "काय म्हणालात?"

"त्यांना म्हणायचंय, दमला असाल, बोलू नका, आधी पाणी घ्या!" वैजंतानं तांब्या पुढे केला. आबा पाणी प्यायले, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

देवासारखे लतीफभाई धावून आले. मुकिंदावर सोडून भागायचं नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी गोठ्यातून वायर आणली, वायरींचा गुंता सोडवला, आणि म्हणाले, "अर्थिंग नाही, म्हणून घूं करतंय." मग अंगणात खड्डा खणला. त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, तांब्याची तार पुरली, वरून बादलीभर पाणी ओतलं. तारेचं दुसरं टोक घरात नेऊन जोडलं.

गवळण लागली. काय तो आवाज! घूं नावालाही नाही.

"बघ मुकिंदा," लतीफभाई निघताना म्हणाले, "घूं करणाऱ्याला असं अर्थिंग द्यायचं. तार, कोळसा, मीठ, पाणी."

आबा तर हरखलेच. "माल कुणी निवडलाय!" असं दहादा म्हणाले. खुशीत पुरणपोळ्यांवर पुरणपोळ्या हाणल्या आणि बाजेवर आडवे झाले. वैजंताचा जीव भांड्यात पडला. ती भांडी घासायला परसात गेली.

आणि मुकिंदाच्या कानावर आलं, घूंऽऽ!

थेटर तर बंद होतं. मुकिंदा घाबरला नाही. आता त्याला सगळं येत होतं. त्यानं एकेक काढून बघायला घेतलं. मांजर बाहेर काढलं. घूं चालूच. तांब्या काढला, घड्याळ काढलं. घूं चालूच. मग शेजारच्या दोघांना बोलावून त्यानं आबांसकट बाज उचलून अंगणात ठेवली. घरात येऊन कान दिला. चिडीचूप!

"चोर सापडला," मुकिंदा म्हणाला.

खड्ड्यातली माती अजून भुसभुशीत होती. त्यानं ती उकरली आणि बाज खड्ड्याच्या कडेला ओढली. बाजेवरून लोंबणारे आबांचे पाय अलगद त्यात सोडले. अंगठ्याला तार बांधली. कोळसा घातला. घरातलं होतं नव्हतं तेवढं मीठ घातलं. माती लोटून घट्ट दाबली. मग विहिरीचं गार पाणी बादलीभर आणलं आणि पायांपासून डोक्यापर्यंत ओतलं.

"मेलो! मेलो! अगं वैजंते, या खुळ्यानं मला पुरला! पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही मी! आधी बाहेर काढा रे पाय!"

हातातली राख तशीच घेऊन वैजंता धावत आली आणि बघतच राहिली. मुकिंदानं रिकामी बादली खाली ठेवली. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"ऐकलंस का गं?" तो म्हणाला. "आता आवाज कसा स्वच्छ येतोय!"