भित्र्या बोल्टाची लाल रेघ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका छोट्या विमानाच्या इंजिनात एक भित्रा बोल्ट राहायचा. एकदा त्याच्या मानेला बारीक चीर पडली.

"गप्प बस हं," शेजारचा नट म्हणाला, "नाहीतर भंगारात जाशील!"

"पण वर आकाशात मान तुटली तर? सगळेच पडू रे!"

"तुझं आपलं काहीतरीच!"

तेवढ्यात मेकॅनिक मृदुलाताई आल्या. त्या बोल्टांना लाल रंग लावून पुसायच्या, म्हणजे चिरेत मुरलेला रंग उठून दिसायचा.

"श्वास रोख, चीर मिटेल," नट कुजबुजला.

बोल्टानं भीतभीतच, पण मुद्दाम मोठ्ठा श्वास घेतला. चीर उघडली, रंग आत मुरला आणि पुसल्यावर लाल रेघ उमटली.

"अगंबाई, सापडलास की!" ताईंनी नवा बोल्ट बसवला.

जुना आता त्यांच्या खिडकीत दोऱ्याला लटकतो. विमान डोक्यावरून गेलं की टणटणतो, "सगळे नीट आहात ना रे?"

"आहोत रे, भित्र्या!" नट वरून ओरडतो.