दोन झाकणांचा डबा

वस्तू माणसांशी बोलू लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. इचलकरंजीच्या अक्काताई मगदूमांच्या ओट्यावर एक बोलका स्पीकर आला. तो गाणी लावायचा, हवामान सांगायचा, आणि ऐकलेलं सगळं आपल्या कंपनीला कळवायचा.

अक्काताई गुडघा धरून कण्हल्या, तर लगेच फोनवर तेलाच्या जाहिराती आल्या. सुनेनं बाळाची गोड बातमी हळूच सांगितली, तर तिच्या आईला कळायच्या आधी पाळण्यांच्या जाहिराती सुरू! तेव्हापासून घरात सगळे खुणांनी बोलू लागले. फोडणीचा आवाज तेवढा उरला.

“हे तुझ्यामुळं झालं,” ओट्यावरचा मिसळणाचा डबा स्पीकरला म्हणाला.

“मी ऐकलं ते सांगितलं. तुलाही सगळं ठाऊक असतंच की!”

“असतं ना. कोण कधी रडलं तेही. पण मला दोन झाकणं आहेत. आतलं, जिरं मोहरीत सांडू नये म्हणून. बाहेरचं, घरातला वास घरातच राहावा म्हणून.”

“मला कुठं झाकण आहे?”

“मग डोक्यावर ते बटण कसलं?”

संध्याकाळी ताटं मांडली, तेव्हा स्पीकर आपणहून म्हणाला, “अक्काताई, माझ्या डोक्यावर ऐकणं बंद करायचं बटण आहे. जेवताना दाबत जा.”

अक्काताईंनी बटण दाबलं. सून आधी कुजबुजली, मग खळखळून हसली. बाळाच्या नावावरून वाद रंगला.

“आता तू घरचा झालास,” डबा स्पीकरला म्हणाला.

पण स्पीकरला ते ऐकूच आलं नाही.