दिवाणजींचा चांदीचा गज

दोन राज्यं एक होणार होती आणि राजधानी कुठे करायची यावरून घोडं अडलं होतं. रत्नपूरचे दिवाण त्र्यंबकराव चांदीचा गज घेऊन राणी कमळजेच्या निंबापुरात आले. त्यांनी वेस मोजली, बुरूज मोजले आणि भर दरबारात मिशीला पीळ देत म्हणाले, "राणीसाहेब, निंबापूर आमच्या रत्नपुराच्या पासंगालाही पुरायचं नाही."

दरबाऱ्यांच्या माना खाली गेल्या. राणीची मात्र ताठच होती. इथली झाडं, आड, ओढे तिने पोटच्या पोरासारखे जपले होते.

तिने शांतपणे विचारलं, "दिवाणजी, आपली लेक कुठे दिलीत?"

"इथेच की, निंबापुरात."

"रत्नपुरात स्थळं नव्हती?"

"ढिगानं होती. पण पोरीला दमा. आमच्याकडे भट्ट्यांचा धूर, नदीत रंगाऱ्यांचं पाणी. इथं हवा मोकळी, आडाचं पाणी गोड..." बोलता बोलता दिवाणजी थबकले. हातातला गज हळूच पाठीमागे गेला.

राणी म्हणाली, "म्हणजे खरी मोजणी आपण सोयरीक ठरवतानाच केलीत. आज उगाच एवढा गज वाहून आणलात."