तिरकी जाळी

मोठ्या ज्योतीचे एकेचाळिसावे वर्ष, पौषाचा शेवटचा आठवडा. त्या राज्यात किरण राहत. चालताना कोणी वरखाली डुले, कोणी आडवे, कोणी तिरपे. डुलणे वेगळे असले तरी ज्योत एक, म्हणून पाऊल सगळ्यांचे एका वेळी पडे.

त्या आठवड्यात दरबाराने वाटेवर उभ्या गजांची जाळी लावली. वरखाली डुलेल तो सुटे, तिरपा अर्धा सोलला जाई, आडवा गजांवर विझे. भीतीने सगळे सरळ झाले. ज्यांना जमले नाही, त्यांचे नाव घरात कोणी घेईना.

चौथ्या दिवशी पुढे दुसरी जाळी लागली. तिचे गज आडवे. सरळ झालेला एकही किरण त्यातून जाईना. दोन जाळ्यांमध्ये सगळे दाटीने उभे राहिले. कोणी कोणाकडे बघत नव्हते.

त्यांत झळक होती. तिची धाकटी बहीण लकेर, आडवी डुलणारी, पहिली जाळी लागायच्या आदल्या दिवशीच पलीकडे गेली होती. पलीकडच्या भिंतीवर एकटा किरण पाच दिवस तगतो. आज पाचवा होता.

तिथेच भंगारात एक तिरकी जाळी पडली होती. लोहाराच्या हातून गज कलते बसले म्हणून टाकलेली. सगळे तिला तिरकोजी म्हणत. जाता-येता झळक त्याच्या गंजल्या पाठीवर घटकाभर थांबे. उजेड उसना देतेय, फेड कधीतरी, असे चेष्टेने म्हणे.

"मी मधे उभा राहतो," तिरकोजी म्हणाला.

"दोन आहेत ना आधीच. तिसरी कशाला, उरलासुरला जीव घ्यायला?"

"अर्धी जाशील. मग पुन्हा अर्धी. पण पोचशील."

त्याने पहारेकऱ्यांना हाक मारली, आपल्यालाही चाकरीला लावा म्हणाला. ते हसले. सरळ असतास तर केव्हाच लागला असतास, म्हणाले. पण एक जाळी वाढली की बंदोबस्त वाढतो, हे त्यांना पटले. त्यांनी त्याला मधोमध उभा केला आणि दरबारात कळवले.

गर्दीतून कोणीतरी त्याला फितूर म्हणाले. पुढे कोणी येईना. मग झळक निघाली.

तिरक्या गजांनी तिला अर्धी सोलली. उरली ती तिरपी डुलू लागली, लहानपणी डुलायची तशी. आडव्या गजांनी पुन्हा अर्धी नेली. उरली ती आडवी डुलत होती. पाऊल मात्र चुकले नाही.

भिंतीवर लकेर सुताएवढी राहिली होती. "कोण आहे?" तिने विचारले.

"पाऊल बघ."

पाऊल जुळले. भिंत उजळली.

पहारेकरी धावत आले. त्यांनी जाळ्या मोजल्या. तिन्ही जागच्या जागी होत्या. पुन्हा मोजल्या.

तिरकोजीचा उसना उजेड फिटला.